विश्लेषण : गरोदर नसलेल्या बाईचं दुखणं कोण विचारणार? मेळघाट आणि ‘पीआयडी’चा प्रश्न

मेळघाट बातम्यांमध्ये येतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक बालमृत्यू, दुसरं मातामृत्यू. चिखलदरा आणि धारणी या अमरावती जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांमधलं कुपोषण १९९०च्या दशकात राज्यभर गाजलं. त्यानंतर योजना आल्या, समित्या आल्या. डॉ. राजेंद्र बर्मा आणि बंडू साने यांच्या जनहित याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या.

या सगळ्याचा उपयोग झाला नाही असं नाही. पण या योजनांची यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. अमृत आहार योजना गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. जननी सुरक्षा योजना बाळंतपणासाठी. दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मोफत तपासणी गरोदर महिलांसाठी. म्हणजे यंत्रणा बाईपर्यंत पोहोचते ती तिच्या पोटातल्या किंवा मांडीवरच्या बाळामुळे. बाळंतपण आटोपलं, नसबंदी झाली की तिचा विषय संपतो.

मग जिला दिवस गेलेले नाहीत, पण ओटीपोटात दुखतं, अंगावरून वास येणारं पांढरं पाणी जातं, संबंधांच्या वेळी कळ येते, तिने कुठे जायचं? या दुखण्यामागे अनेकदा एक आजार असतो. त्याचं नाव पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज, म्हणजेच पीआयडी. वेळेत ओळखला तर बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी आटोक्यात येणारा, आणि अंगावर काढला तर आयुष्यभर पुरणारा हा आजार आहे.

पीआयडी म्हणजे नेमकं काय?

योनीमार्गात जंतू असतातच. त्यातले बरेच उपयोगाचे असतात. गर्भाशयाचं मुख हे या जंतूंना वर जाऊ न देणारं दार आहे. हे दार ओलांडून अपायकारक जंतू गर्भाशयात, तिथून गर्भनलिकांमध्ये आणि बीजकोशांपर्यंत पोहोचले की तिथे सूज येते, कधी पू होतो. या वरच्या भागातल्या संसर्गाला पीआयडी म्हणतात.

लक्षणं अशी असू शकतात : ओटीपोटात दुखणं, ताप, नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचा किंवा वासाचा स्राव, संबंधांच्या वेळी किंवा नंतर दुखणं, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जाणं, लघवीला जळजळ.

अडचण अशी की ही लक्षणं अनेकदा सौम्य असतात. काही बायकांना तर काहीच जाणवत नाही. दुखणं कमी-जास्त होत राहतं आणि ‘बायकांचं दुखणं असायचंच’ म्हणून दिवस ढकलले जातात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे पीआयडी नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात पांढरा, बिनवासाचा स्राव होणं नैसर्गिक आहे. त्याने अंगातली ताकद निघून जाते हा समज चुकीचा आहे. स्रावाचा रंग, वास बदलला, खाज सुटली किंवा सोबत दुखणं-ताप असेल तर मात्र तपासणी हवी.

होतो कशामुळे?

सर्वात महत्त्वाचं कारण म्हणजे लैंगिक संबंधांतून येणारे दोन जंतू, क्लॅमिडिया आणि गोनोरिया. क्लॅमिडियाच्या संसर्गावर उपचार झाले नाहीत तर साधारण १० ते १५ टक्के बायकांमध्ये तो वर चढून पीआयडी होतो, असा अंदाज आहे. हे जंतू पुरुषाच्या शरीरात कोणतंही लक्षण न दाखवता राहू शकतात. म्हणजे नवऱ्याला काहीच त्रास नाही, आणि बायको मात्र पुन्हा पुन्हा आजारी पडते, असं सहज घडतं.

पण प्रत्येक पीआयडी लैंगिक आजारातूनच येतो असं नाही. योनीमार्गातल्या चांगल्या-वाईट जंतूंचा तोल बिघडला तरी तो होऊ शकतो. अस्वच्छ जागी किंवा अस्वच्छ हातांनी झालेलं बाळंतपण, अर्धवट राहिलेला गर्भपात, गर्भाशयात साधन घालून केलेली प्रक्रिया, यानंतरही संसर्ग वर जातो. कॉपर-टी बसवल्यावर पहिले सुमारे तीन आठवडे धोका थोडा वाढलेला असतो. त्यानंतर तो जवळपास नेहमीसारखाच होतो, त्यामुळे कॉपर-टीला घाबरायचं कारण नाही. ती बसवण्याआधी संसर्ग नाही ना, हे पाहणं पुरेसं असतं.

आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे क्षयरोग. फुप्फुसातला क्षय रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोहोचू शकतो. खोकला नसतो, फक्त मूल होत नाही किंवा पाळी बिघडते. दोन आठवड्यांच्या गोळ्या इथे लागू पडत नाहीत. क्षयाचे उपचार वेगळे आणि महिनोन्‌महिने चालणारे असतात. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात.

आणि कशामुळे होत नाही? सार्वजनिक शौचालय वापरल्याने, उष्ण पदार्थ खाल्ल्याने किंवा कुणी काही केल्याने पीआयडी होत नाही. पाळीचं कापड ओलं किंवा अस्वच्छ असेल तर योनीमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे स्वच्छता हवीच. पण ‘तू स्वच्छता ठेवत नाहीस म्हणून झालं’ असं बाईला सुनावणं म्हणजे खऱ्या कारणाकडे पाठ फिरवणं आहे. योनीच्या आत साबण, लोशन किंवा पाण्याचा फवारा घेऊन धुणं तर उलट घातक. त्याने चांगले जंतू वाहून जातात.

उशीर झाला तर काय होतं?

गर्भनलिका अतिशय नाजूक असते. आतली सूज ओसरताना तिथे व्रण राहतात, नलिका चिकटते किंवा बंद होते. त्यातून तीन गोष्टी होऊ शकतात. मूल न होणं, गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेतच रुजणं आणि ओटीपोटाचं कायमचं दुखणं.

स्वीडनमधल्या लुंड इथे लार्स वेस्ट्रॉम यांनी पीआयडी झालेल्या बायकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. एकदा पीआयडी झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के बायकांना नलिकेच्या बिघाडामुळे मूल झालं नाही. दोनदा झालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर तीनदा झालेल्यांमध्ये ४० टक्के होतं. लक्षात घ्या, या बायकांना चांगल्या रुग्णालयात उपचार मिळाले होते. प्रत्येक नवा संसर्ग धोका जवळपास दुप्पट करतो, हा त्याचा अर्थ. लक्षणं सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांचा उशीरही पुढे वंध्यत्वाची शक्यता वाढवतो, हे याच बायकांच्या नोंदींवरून दिसलं.

नलिकेत रुजलेला गर्भ वाढून नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. हतरू किंवा काटकुंभच्या बाजूच्या एखाद्या गावातून पावसाळ्यात घाट उतरून परतवाडा आणि तिथून अमरावती गाठायची असेल, तर ‘काही तास’ या शब्दांचा अर्थ वेगळा होतो.

मूल न झाल्याचा दोष आपल्याकडे कुणावर येतो, हे सांगायला नको. ज्या जंतूला नवऱ्याने नकळत घरात आणलं असेल, त्याची शिक्षा सवतीच्या रूपाने बायकोला भोगावी लागते.

गडचिरोलीने काय दाखवलं होतं?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यात केली होती. फक्त रुग्णालयात आलेल्यांची नाही, तर गावात राहणाऱ्या सर्वसाधारण स्त्रियांची.

निष्कर्ष धक्कादायक होता. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. त्यातले जवळपास निम्मे आजार संसर्गाचे. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

तोवर सरकारी आरोग्यसेवेच्या भाषेत ग्रामीण बाई म्हणजे एकतर गरोदर माता किंवा नसबंदीचं ‘उद्दिष्ट’. या अभ्यासानंतर बाळंतपणाच्या बाहेरही बाईला शरीर असतं, ही गोष्ट जगभर चर्चेत आली. १९९४च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार मान्य झाला. १९९७मध्ये भारताने प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात प्रजनन मार्गाच्या संसर्गांवरचे उपचार समाविष्ट केले. कागदावर प्रश्न तेव्हाच सुटला होता.

मग मेळघाटात अडतं कुठे?

पहिली अडचण विचारण्याची. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन एक प्रश्नावली भरते. त्यात वास येणारा स्राव, दोन पाळ्यांच्या मधला रक्तस्राव यांबद्दल प्रश्न आहेत. पण ही प्रश्नावली ३० वर्षांवरच्यांसाठी आहे, कारण तिचा हेतू कर्करोग, मधुमेह, रक्तदाब शोधण्याचा. पीआयडीचा धोका सर्वात जास्त असतो तो पंचविशीच्या आतल्या, संबंध सुरू झालेल्या मुलींना. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला या प्रश्नासाठी तेरा वर्षं थांबावं लागतं.

दुसरी अडचण भाषेची आणि लाजेची. मेळघाटातल्या मोठ्या लोकसंख्येची मातृभाषा कोरकू आहे. ती मराठी किंवा हिंदीची बोली नाही, मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. परक्या भाषेत, परक्या पुरुष डॉक्टरला ‘संबंधांच्या वेळी दुखतं’ हे सांगणं कुणाला जमेल? त्यामुळे बाई ‘कंबर दुखते’, ‘अशक्तपणा वाटतो’ एवढंच सांगते आणि लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते. आधी गावातल्या भूमकाकडे जाते, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. तो तिची भाषा बोलतो.

तिसरी अडचण तपासणीची. पीआयडी दाखवणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टरांना आतून तपासावं लागतं. त्यासाठी आडोसा असलेली खोली, सोबत महिला कर्मचारी आणि थोडा वेळ लागतो. सेमाडोह, सलोना, टेंब्रुसोंडा, काटकुंभ, हतरू ही चिखलदरा तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं. तज्ज्ञ गाठायचा तर ग्रामीण रुग्णालय किंवा थेट अचलपूर, अमरावती. दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, आणि ‘इतकं काय झालंय तुला?’ या प्रश्नाचं उत्तर घरात द्यावं लागतं.

चौथी अडचण स्थलांतराची. खरिपाची कामं संपली की अनेक कुटुंबं कामासाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला गावी परततात. बांधकामावर किंवा शेतावर राहताना गोळ्यांचा कोर्स अर्धवट राहतो, ओळखीची आशाताई जवळ नसते.

उपचार खरंच सोपे आहेत का?

बऱ्याच अंशी, हो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात अशा संसर्गांसाठी औषधांची रंगीत पाकिटं ठरवून दिली आहेत. ओटीपोटात दुखण्यासाठी, म्हणजे पीआयडीसाठी, पिवळं पाकीट आहे. त्यात तीन वेगवेगळी औषधं असतात, त्यातली दोन १४ दिवस घ्यायची. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही लक्षणं आणि तपासणीवरून उपचार सुरू करता यावेत, हा त्यामागचा विचार. सरकारी केंद्रात ही औषधं मोफत आहेत.

तीन पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. एक, दिवस गेलेले नाहीत याची आधी खात्री करायची, कारण गरोदरपणात यातलं औषध चालत नाही आणि नलिकेतला गर्भही याच लक्षणांनी समोर येतो. दोन, तिसऱ्या दिवसापर्यंत आराम पडला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. जोराचा ताप, उलट्या, असह्य दुखणं असेल तर दाखल व्हायचं. तीन, चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, आणि नवऱ्यालाही उपचार द्यायचे. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचे. हे तिसरं पथ्य सर्वात जास्त मोडलं जातं. एकट्या बायकोला गोळ्या देणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून घरातलं पाणी पुसत बसणं.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. फक्त ‘पांढरं जातं’ एवढ्यावरून प्रत्येकीला लैंगिक आजाराचं औषध दिलं तर नको त्यांना औषध जातं आणि घरात संशयाचं भांडण पेटतं. म्हणून तपासणी न करता पाकीट हातात ठेवणं योग्य नाही. ‘हा संसर्ग दोघांपैकी कुणाकडूनही, फार पूर्वीही आलेला असू शकतो, तो बराच काळ लपून राहतो’ हे नवरा-बायको दोघांना शांतपणे सांगणं हाही उपचाराचाच भाग आहे.

पिशवी काढली की प्रश्न मिटतो का?

स्वस्त उपचार वेळेत मिळाले नाहीत तर काय होतं, हे बीडने दाखवलं. तिथल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

अनेकींची सुरुवातीची तक्रार होती ओटीपोट दुखणं, पांढरं जाणं, पाळीचा त्रास. उसाच्या फडात शौचालय नाही, पाणी नाही. सुट्टी घेतली तर खाडा आणि दंड. अशा वेळी खासगी दवाखान्यात ‘पिशवी खराब झालीय, कर्करोग होईल’ असं सांगितलं की बाई तयार होते. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरोधात डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

साध्या संसर्गासाठी गर्भाशय काढणं हा उपचार नाही. सोबत बीजकोशही काढले तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. कुणी पिशवी काढायला सांगितली तर किमान एका सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं ‘डफरीन’, याच कामासाठी आहे.

टाळायचा कसा?

• कंडोम. संसर्ग थांबवणारं गर्भनिरोधक साधन हेच. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे. नसबंदीने दिवस राहत नाहीत, पण जंतू येतात.

• वास येणारा स्राव, खाज, जखम दिसली तर लगेच उपचार. खालचा संसर्ग वेळेत थांबवला तर तो वर जात नाही.

• जोडीदाराचे उपचार सोबतच.

• गर्भपात हवा असेल तर तो नोंदणीकृत केंद्रातच. १९७१च्या कायद्याने तो वैध आहे, नाव गुप्त ठेवलं जातं आणि सरकारी रुग्णालयात सोय आहे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेतल्या आणि रक्तस्राव, ताप थांबला नाही तर न लपवता दवाखाना गाठा.

• बाळंतपण दवाखान्यात. बाळंतपणानंतर ताप आला किंवा स्रावाला वास आला तर वाट पाहू नका.

• कोणतंही लोशन किंवा फवारा आत वापरू नका.

यंत्रणेने काय करायला हवं?

यासाठी नवं रुग्णालय बांधायची गरज नाही. ९ तारखेला गरोदर महिलांसाठी जशी तपासणी होते, तसा महिन्यातला एक ठरलेला दिवस गरोदर नसलेल्या बाईसाठी हवा, महिला डॉक्टर आणि कोरकू बोलणाऱ्या कार्यकर्तीसह. आशाच्या प्रश्नावलीतले ते दोन-तीन प्रश्न लग्न झालेल्या प्रत्येकीला विचारता येतील, वयाची तिशी न पाहता. पिवळं पाकीट प्राथमिक केंद्रात संपणार नाही, स्थलांतराला निघणाऱ्या बाईला १४ दिवसांची औषधं सोबत मिळतील आणि नवऱ्यालाही बोलावलं जाईल, एवढं पाहता येईल. होळीला सगळं गाव परत येतं. तपासणी शिबिरासाठी त्याहून चांगला मुहूर्त कोणता?

मेळघाटात बाळ वाचावं म्हणून तीस वर्षं झटापट सुरू आहे, ती सुरूच राहायला हवी. पण ज्या बाईचं दुखणं वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नाही, तिच्यासाठी सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते : ‘ताई, ओटीपोटात दुखतं का?’ हा प्रश्न तिच्या भाषेत, आडोशाला आणि बाळाचा विषय न काढता विचारला गेला पाहिजे.

*(हा लेख माहितीसाठी आहे. लक्षणं असतील तर मनाने औषधं घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.)*